शेवटचा वाफा

मित्रांनो, मी लवचिक काटक्यांची एक जुनी टोपली आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका झोपडीत फेलिमने मला विणले.

उकडलेले बटाटे माझ्यात ओतायचे, पाणी निथळू द्यायचे आणि मला भांड्यावर ठेवून सगळ्यांनी भोवती बसायचे, अशी तिथली रीत. जोडीला ताक. छताला एक खारवलेला मासा टांगलेला असे. बटाटा त्याला नुसता दाखवायचा आणि खायचा.

"हळू दाखव गं, संपेल मासा," फेलिम लेकीला, ऊनाला, चिडवायचा. तेव्हा माझा मान मोठा होता.

मग ते वाईट वर्ष आले. शेतातले बटाटे काळे पडून सडले. जे थोडे वाचले ते बियाणे म्हणून माझ्यात ठेवून मला आढ्याला टांगले. ऊना दिवसभर वर माझ्याकडे बघत बसे. मला खाली बघायची भीती वाटे.

"उकड ते," फेलिम एक दिवस बायकोला म्हणाला. "पोर राहिली तर शेत."

"आणि पुढच्या हिवाळ्यात काय माती खायची?" सोरखा म्हणाली.

शेजारच्या म्हाताऱ्या गोबनेतने तोड काढली. "कोंब फुटतात ते डोळे कापून पेरा, उरलेलं खा. पण डोळ्यामागं गर जाड ठेव हो, बाई. कोंबालाही भूक असते."

सोरखा तशीच कापू लागली. पण ऊना जवळ येऊन बसली. तिची नजर सुरीवरून हलेना. मग सुरी हळूहळू सालीकडे सरकत गेली. शेवटचे तुकडे तर इतके पातळ होते, की माझ्या काटक्यांना चिकटले. थांब, असे मला सांगायचे होते, पण टोपलीचे कोण ऐकणार? ते तुकडे शेवटच्या वाफ्यात गेले.

बाकीचे वाफे हिरवे झाले. शेवटचा बोडकाच राहिला.

"तिथली माती थंड असेल," फेलिम रोज म्हणे. सोरखा मान खाली घालून भांडे घाशी. त्याला कळले तर काय होईल, या विचाराने मी धास्तावले होते.

एका सकाळी त्याने माती उकरली. हाती नुसती सुकलेली साल आली. ती घेऊन तो दारात उभा राहिला.

"एवढं पातळ कोणी कापलं?"

"मीच. गर ऊनाच्या पोटात गेला," सोरखा म्हणाली.

फेलिमने उंबऱ्यावर बसलेल्या ऊनाकडे बराच वेळ पाहिले.

"मग उगवला की तो वाफा," तो म्हणाला आणि साल खिशात घालून शेतावर गेला.

मित्रांनो, आमची काळजी अजून सरलेली नाही. मागच्या वर्षी रोगाआधी घाण वास आला होता, म्हणून फेलिम रोज पाने हुंगतो. मी भिंतीला टेकून रिकामी वाट बघते. तुमच्यापाशी एकच मागणे आहे. बटाटा सोलाल तेव्हा साल पातळ काढा. तेवढ्याशा गरावर आमच्याकडे एक पोर जगली.