रविवार, सोमवार आणि एक खाचर

वलवणच्या एका भातखाचरापायी पाद्री शांतवन पाटोळ्यांचं धर्मज्ञान पणाला लागलं, त्याची ही गोष्ट. साल अठ्ठावन्न, महिना आषाढ.

खाचर पाद्रीबाबांचं आणि बैल ठाकरवाडीच्या म्हाताऱ्या कोंडूचे. भात निम्मंनिम्मं वाटून घ्यायचं आणि त्यावर दोन्ही घरांनी वर्ष काढायचं. त्या वर्षी शनिवारी संध्याकाळी कुठं खाचरात पुरेसं पाणी साचलं. रोप तर कधीचं लावणीला आलेलं. पण मंगळवारपासून आठ दिवस बैल गावातल्या दत्तोबांच्या शेतावर कबूल केलेले, आणि तोवर रोप जून होऊन वाया जाणार. बैल घालून खाचरात चिखल करायच्या चिखलणीला उरले दोनच दिवस.

रविवारी आमचा विसावा, पाद्रीबाबांनी सांगून टाकलं. त्या दिवशी बैलही जुंपायचा नाही, असं शास्त्रात लिहिलंय. कोंडूनं मान डोलावली आणि सोमवारी आमचा मोडा, असं सांगितलं. मोड्याच्या दिवशी औत धरलं तर गावदेवी कोपते, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

पाद्रीबाबांना हसूच आलं. देवी कोपते म्हणे! आपला तो नेम आणि दुसऱ्याची ती अंधश्रद्धा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही गोष्ट त्यांच्याच ग्रंथात आहे, पण ऐन वेळी ती आठवते कुणाला? त्यांनी कोंडूला ओट्यावर बसवलं आणि सृष्टीची कथा सांगायला घेतली. पहिल्या दिवशी उजेड, तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, असं करत सातव्या दिवशी देवानं विसावा घेतला.

कोंडूनं तंबाखू मळता मळता विचारलं, "सूर्य चवथ्या दिशी, तर आदीचं तीन दिस मोजलं कुनी?"

हा प्रश्न पाद्रीबाबांना शिकत असताना परीक्षेतही आला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. ते दिवस पंचांगातले नव्हेत, आबा. सृष्टी कधी झाली हे कथा सांगत नाही. कुणी केली आणि कशासाठी केली, ते सांगते.

"मंग सातवा दिस आयतवारच व्हता, ह्ये कशावरनं?"

पाद्रीबाबा खोकले. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि मनातून ते चांगलेच चिडले.

कोंडूनं पुढं विचारलं, देव दमला होता का? देव दमत नाही, हे तर सांगावंच लागलं. मग बसला कशाला? पाद्रीबाबांनी ओट्यावरून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "केलेलं डोळे भरून बघायला. सगळं चांगलं झालं होतं ना."

हे मात्र कोंडूला पटलं. मग बैलांनाही दोन्ही दिवस बसू दे, एक तुमच्या देवाचा, एक आमच्या देवीचा, असा त्यानं निवाडा दिला. मोडा औताला असतो, माणसाला नाही. सोमवारी आपणच उतरू.

सोमवारी पाद्रीबाबा धोतर खोचून खाचरात उतरले आणि तिसऱ्याच पावलाला उताणे पडले. कोंडूची सून गंगी तोंडाला पदर लावून हसली. पाद्रीबाबांच्या बायकोनं तर पदरही लावला नाही. दुपारपर्यंत फावड्यानं ढेकळं फोडून आणि पायांनी तुडवून त्यांची कंबर मोडली. दाढीत चिखल, कानात चिखल. ते कुरकुरायला लागले.

कोंडू वाकल्या वाकल्याच म्हणाला, "बाबा, देवानं मातीचा मानूस केला म्हनता न्हवं? बांधावर हुबं ऱ्हाऊन माती मळता येती व्हय?"

पाद्रीबाबा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. बारा वर्षं त्यांनी हा अध्याय शिकवला होता, आणि बारा वर्षं त्यांचा देव लांब उभा राहून, स्वच्छ हातांनी हुकूम सोडत होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. मग त्यांनी फावडं उचललं ते अंधारून येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

मंगळवारी लावणी झाली. पुढच्या रविवारी उपासनेला निघताना बायकोनं त्यांची नखं लिंबानं घासघासून पाहिली, तरी काळं जाईना. हात अंगरख्याच्या बाह्यांत लपवा, असं तिनं बजावलं. पाद्रीबाबांनी लोकांसमोर उभं राहून बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि तेच हात वर करून आशीर्वाद दिला.