रंगवलेला खुंटा

मी एक जुना खुंटा आहे. कोपरीच्या खाडीत, कमरेएवढ्या चिखलात उभा आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. होडी बांधायला महिपत नाखव्यांनी मला इथे रोवलं, तेव्हा मी चांगला सरळसोट होतो. पुढे खाडीतली मासळी घटली, होडी क्वचितच निघू लागली आणि मी रिकामा पडलो.

मग पक्ष्यांनी मला कामाला लावलं. पावसाळ्यात पाणकावळे माझ्यावर पंख पसरून वाळवत बसायचे. उन्हाळ्यात समोरच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे चरायचे, पण ते मला कधी शिवले नाहीत. थंडीत मात्र कैकर यायचा. दूर देशाहून येणारा हा रुबाबदार शिकारी पक्षी मासा धरून माझ्याच डोक्यावर जेवायला बसायचा. सांडलवंड पुष्कळ करायचा, तरी मला त्याचा अभिमान होता.

त्याला बघायला नौपाड्याहून रवींद्रराव आणि मृणालताई यायचे. बांधावर बसून दोघं एकच दुर्बीण वापरायचे. "अहो, तुमचं पोटभर बघून झालं असेल तर द्या आता," असं मृणालताईंना दर वेळी म्हणावं लागायचं.

गेल्या वर्षी त्यांचं कायमचं पुण्याला, मुलाकडे जायचं ठरलं. जाण्याआधी मृणालताईंना कैकर एकदा डोळे भरून बघायचा होता. मी कुजून पडलो तर तो बसणार कुठे, या काळजीने रवींद्रराव दिवाळीनंतर नाखव्यांच्या होडीतून आले आणि मला निळाशार ऑइलपेंट फासला.

"आता नवरदेव दिसतो यो," नाखवा हसले.

मलाही ऐट चढली. थंडी पडली तसा एका सकाळी कैकर आला. बांधावर तेव्हा कोणी नव्हतं. तो माझ्यावर उतरला आणि त्याचे पंजे घसरले. पुन्हा उतरला, पुन्हा घसरले. मग तो खाडीपलीकडे गेला तो गेलाच.

दोघं दर रविवारी येत राहिले.

"अहो, रंगामुळे तर नसेल?" मृणालताईंनी एकदा हळूच विचारलं.

रवींद्ररावांनी दुर्बीण खाली ठेवली. "त्याच्याच सोयीसाठी केलं गं मी."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. होळी झाली आणि ते पुण्याला गेले. मला फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात खाऱ्या पाण्याने माझा रंग सोलून काढला. यंदा मी पुन्हा खडबडीत, कळकट झालो आहे. गेल्या आठवड्यात माझ्या डोक्यात ओळखीचे पंजे रुतले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा, पण त्या कोणाच्या उपयोगाच्या आहेत तेही आधी बघा. आणि तुमच्यापैकी कोणी पुण्याला जाणार असेल, तर नौपाड्याच्या मृणालताईंना शोधून एवढं सांगा, की कैकर आलाय. होळीपर्यंत आहे.