फलाटावरचा आवाज

आईचा आवाज ही गावाची मालमत्ता होती. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसून ती गाड्या पुकारायची. मायक्रोफोन बंद पडला तरी तिच्या गाड्या कुणाच्या चुकत नसत, असं लोक म्हणायचे. गावानं तिचं नाव 'भोंगा' पाडलं होतं आणि तिनं ते आनंदानं लावून घेतलं होतं. भाजीवाला भाव सोडेना की ती म्हणायची, "वाजवू का भोंगा?" तो मुकाट्यानं सोडायचा.

अशा बाईची एकुलती एक लेक डॉक्टर झाली आणि पुढच्या शिक्षणाला तिनं विषय घेतला तो कान-नाक-घसा. बाबा शिंपी होते. शिवणयंत्रावरची मान वर न करता ते म्हणाले, "बरं झालं. घसा तुम्ही मायलेकी वाटून घ्या. मी आपला माझे कान सांभाळतो."

आई एरवी भरपूर बोलायची, पण रडायची म्हणून नाही. तिची स्वतःची आई गेली त्या दिवशीसुद्धा ती जमलेल्या माणसांना पाणी देत फिरत होती. लेकीच्या मनात याचा एक जुना सल होता. आपल्यासाठी या बाईच्या डोळ्यांतून कधी टिपूस आलं नाही. शाळेतल्या मैत्रिणींच्या आया सहलीची गाडी सुटतानाही डोळे पुसायच्या, आणि आपली आई? ती ड्रायव्हरला सांगायची, "आरसा नीट करा आधी."

लेक मोठ्या शहरातल्या रुग्णालयात रुजू व्हायला निघाली त्या दिवशीही आई ड्यूटीवरच होती.

"आजच्या दिवस रजा काढली असतीस तर काय बिघडलं असतं?" लेकीनं फुरंगटून विचारलं.

"तुझी गाडी दुसऱ्या कुणी पुकारलेली मला चालायची नाही."

बाबांनी बॅगा वर चढवल्या. लेक खिडकीशी बसली. भोंग्यातून नेहमीचा खणखणीत आवाज आला, "फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागेवर..." आणि तो फाटला. पुढचं 'बसून घ्यावे' नुसतं खरखरत आलं. तिकीट फाडणारा कंडक्टर थांबला.

"अरेच्चा! भोंगा रडला की काय?"

गाडीतली माणसं हसली, आणि लेकीचे डोळे भरून आले. पण खरं सांगायचं तर ती मनातून सुखावली होती. इतक्या वर्षांनी का होईना, आई आपल्यासाठी रडली. त्या नव्या, परक्या शहरात जाताना तिच्याजवळ एवढी एकच ऊब होती.

शहरानं तिला काही हार घालून आत घेतलं नाही. खोली चौथ्या मजल्यावर, खिडकी धुलाईखान्याकडे, लोखंडी खाट मधोमध खचलेली. आधीच्या कुणा डॉक्टरचा एका पायाचा बूट कपाटात तसाच पडलेला. तो टाकावा की ठेवावा हे ठरवायलाही तिला फुरसत मिळाली नाही. रुग्णालयात कुठला जिना कुठे उतरतो ते कळेना. एकदा ती तपासायला म्हणून निघाली आणि थेट स्वयंपाकघरात पोचली. जेवण हातात घेतलं की कुणीतरी हाक मारायचं. खुर्चीत टेकली की डोळा लागायचा आणि कुणीतरी खुर्ची मागायचं.

विभागाच्या मॅडम चणीनं एवढ्याशा, पण त्यांच्यापुढे भलेभले चळचळा कापत. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या पोरांना समोर उभं करून सांगितलं, "तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला असेल तर घशात दुर्बीण घालून बघायचं. रोगी कारण सांगेल. ओरडलो, गार प्यालो, धूळ गेली. ते ऐकून घ्या, मान डोलवा आणि दुर्बीण घाला. लोकांकडे कारणं फार चांगली असतात."

लेकीनं हे मनावर घेतलं. "वर्गात ओरडून बसतो हो माझा घसा," म्हणणाऱ्या मास्तरांना तिनं दुर्बिणीखाली घेतलं. घाईत आलेल्या रिक्षावाल्याला तिनं दाराशी अडवलं. बाहेरच्या बाकावर तिचं नाव 'दुर्बीणबाई' पडलं. नावं पाडून घेण्याचा गुण घराण्यातच होता म्हणायचा.

घरी फोन करायला जिन्याचा कोपरा होता. आईचा आवाज खरखरीत यायचा.

"अजून रडतेस होय गं?"

"छे! कोण रडतंय?" आई म्हणायची. लेकीला त्या 'छे'मध्ये 'हो' ऐकू यायचं.

मग बाबा फोन घेत. "तू गेलीस त्या दिवसापासून घसा बसलाय तिचा. कबूल करत नाही, पण लपूनछपून रडत असणार. तुला तर माहीतच आहे, कुणाला दाखवायची नाही."

"गुळण्या करायला सांगा कोमट पाण्याच्या," लेक म्हणायची. घशाची डॉक्टर, आणि सल्ला शेजारणीचा. पुढे पुढे तो आवाज ऐकला की तिलाच घरी पळून जावंसं वाटायचं, म्हणून ती फोन लवकर आटपता घ्यायला लागली. आईही मग "यांच्याशी बोल" म्हणून फोन बाबांकडे द्यायला लागली. लेकीला वाटलं, सवय झाली असेल तिला.

चार महिने असे गेले. मग एका सुट्टीच्या दुपारी आईबाबा तिला बघायला आले. लिफ्ट बंद होती. ती खोलीचं दार उघडून उभी राहिली तर खाली जिन्यात कुणाचा तरी श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आत घेताना सूं, मग थांबणं, मग पुन्हा सूं. आता तिचा कान तयार होता. कुणाचा तरी घसा आतून बंद होत आला होता. या माणसाला आधी खाली बसवायला हवं, असं मनाशी म्हणत ती धावत सुटली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून आई उभी होती. तिच्याकडे बघून हसत होती. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

मॅडमना बोलावणं गेलं. त्या सुट्टीच्या दिवशी, घरच्याच चपलांवर आल्या. दुर्बीण घालण्याआधी त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

आईनं क्षणभर लेकीकडे पाहिलं. मग मॅडमकडे बघून म्हणाली, "झाले असतील आठ-दहा दिवस."

बाबांनी तोंड उघडलं. आईनं त्यांचा हात दाबला, तसं त्यांनी ते मिटलं.

दुर्बिणीतून मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "आठ-दहा दिवसांत हे एवढं होत नाही," त्या हळू म्हणाल्या.

"हिला काही विचारू नका," आई घाईघाईनं म्हणाली. "ती तिकडे नव्हतीच. तिला कुठलं माहीत असणार?"

पण आईला खोटं बोलायला लावून गप्प बसणं लेकीला जमेना.

"चार महिने, मॅडम," ती म्हणाली. "मी घरून निघाले त्या दिवशी आवाज फाटला तो परत आला नाही. मला माहीत होतं. मी रोज ऐकत होते."

मॅडम तिला रागावतील असं तिला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला रडू आवरेना. पुढचं मॅडमनी सगळ्यांनाच समजावून सांगितलं. गाठ स्वरयंत्रातली होती. तपासाला तुकडा पाठवायचा, पण ती कॅन्सरची आहे याबद्दल त्यांना फारशी शंका नव्हती. आधी आले असते तर नुसत्या किरणोपचारांवर भागलं असतं. आता जीव वाचवायचा तर स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

"म्हणजे बोलता यायचं नाही?" आईनं विचारलं.

"आत्तासारखं नाही. पुढे वेगळ्या पद्धतीनं शिकवू."

"असू दे," आई बाबांना म्हणाली. "तुमच्या कानांना तरी आराम."

बाबा हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तपासणीचं उत्तर मॅडम म्हणाल्या तेच आलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी लेक आईच्या खाटेशी बसली होती. आदल्या दिवशी तिनं स्वतःचा फोन उलटापालटा करून पाहिला होता. आईचा पूर्वीचा आवाज त्यात कुठेच नव्हता. सगळ्या गावानं तीस वर्षं ऐकला आणि कुणालाच तो साठवून ठेवावासा वाटला नाही, कारण तो रोजच होता.

"काय विचारायचं ते आत्ता विचारून घे," आई म्हणाली. "उद्यापासून लिहून सांगावं लागणार, आणि माझं अक्षर मलाच लागत नाही."

लेकीनं मान खाली घातली. "त्या दिवशी, माझी गाडी पुकारताना, रडली होतीस का गं? थोडी तरी?"

आईचा श्वास सूं करून आत गेला, बाहेर आला.

"नाही गं. शपथेवर सांगते, नाही रडले. घशात काहीतरी अडकलं, एवढंच. तुझे बाबाच सगळ्यांना सांगत सुटले. आणि फोनवर तू 'रडतेस होय' म्हणायचीस ना, तेव्हा तुझा आवाज असा काही खुलायचा. मला वाटलं, राहू दे. एवढ्या लांब एकटी आहे पोर, तिला तेवढंच."

लेकीनं आईच्या हातावर कपाळ टेकवलं आणि ती हमसाहमशी रडली. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला. तिचे डोळे तेव्हाही कोरडेच होते.

चाकांचा आवाज झाला. दोन कर्मचारी ढकलगाडी घेऊन दाराशी आले. आई स्वतःच उठून तिच्यावर बसली, पाय वर घेतले, चादर नीट केली. मग बाबांकडे आणि लेकीकडे बघून, उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, "गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. आपापल्या जागेवर बसून घ्यावे."

या खेपेला तिनं वाक्य शेवटपर्यंत नेलं. मग दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.