हिरव्याला हिरवा

शेन्झेनच्या हुआछ्यांगबेई बाजारात तिसऱ्या मजल्यावर जितके गाळे तितके थापाडे, असं त्या मजल्यावरचे लोकच हसत हसत सांगतात. त्यांतल्या त्यात एक माणूस खरा मानला जायचा. के शौझन. सगळे त्यांना के मास्तर म्हणत. शाळेतले मास्तर नव्हेत. उत्तरेकडच्या एका भिंगांच्या कारखान्यात बावीस वर्षं काचा घासून, लेझर जुळवून, हाताखाली माणसं तयार केलेली, म्हणून मास्तर. कारखाना बंद पडला, मुलगा बोटीवर नोकरीला लागला, आणि मास्तरांनी सुनेबरोबर हा गाळा थाटला. माल एकच. हातात धरायचे, टॉर्चसारखे दिसणारे जबरदस्त लेझर.

मजल्याची एक रीत होती. काउंटरवर काडेपेटीतली काडी उभी करायची, तिच्यावर लेझर रोखायचा, काडी भस्सकन पेटली की गिऱ्हाईक खूश. आणि त्याच लेझरच्या पाठीवर लेबल काय, तर पाच मिलिवॅट! पाचात काडी पेटायची सोडाच, ऊबसुद्धा लागायची नाही. खरा आकडा हजाराच्या वर. शेजारच्या गाळ्यातला जाडा फांग म्हणायचा, "लेबल कुरिअरवाल्याला वाचायला असतं, काडी गिऱ्हाइकाला बघायला." सगळ्यांनाच ठाऊक असलेल्या खोटेपणाची लाज कुणालाच वाटत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे.

गॉगलची गोष्ट मात्र मास्तरांची स्वतःची होती. हिरव्या लेझरला नारिंगी काच लागते. ती हिरवा उजेड गिळते, डोळ्यापर्यंत पोचू देत नाही. सुरुवातीला मास्तर प्रत्येक हिरव्या लेझरबरोबर नारिंगी गॉगल देत. गिऱ्हाइकं भांडत परत येऊ लागली. "गॉगल घातला की काहीच दिसत नाही! लेझर बंद पडला की काय?" अहो, न दिसणं हेच तर त्याचं काम! पण ते सांगता सांगता मास्तरांच्या घशाला कोरड पडे आणि पुढचं गिऱ्हाईक फांगकडे वळे. शेवटी म्याव रोंगने, सुनेने, तोड काढली. हिरव्या लेझरला हिरवा गॉगल, निळ्याला निळा. खोक्यात जोडी कशी छान दिसायची! गॉगल घालूनही ठिपका लख्ख दिसे, आणि तक्रारी थांबल्या. हिरव्या काचेतून हिरवा उजेड जसाच्या तसा आत जातो, हे मास्तरांना माहीत होतं. ते दोन दिवस कुरकुरले, तिसऱ्या दिवशी गप्प बसले. स्वतःसाठी मात्र त्यांनी एक नारिंगी गॉगल ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता.

शरद ऋतूतल्या एका दुपारी गाळ्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. एका हातात जाळीच्या पिशवीत दोन मोठी पपनसं, दुसऱ्या हातात कापडी थैली. मास्तरांनी तिला ओळखलं. नोंग येनमेई. ग्वांग्शीच्या डोंगरातल्या एका शाळेत शिकवायची. वसंतातल्या सुट्टीत बहिणीकडे आली होती, तेव्हा मुलांना तारे दाखवायला म्हणून लेझर घेऊन गेली होती. चाळीस मुलं आहेत, मागच्यालाही दिसलं पाहिजे, म्हणाली होती. मास्तरांनी मग चांगला जोराचा दिला होता.

"मास्तर, ओळखलंत का?" ती म्हणाली. पण बघत होती त्यांच्या कानाकडे. मान किंचित वळवून, चेहरा तिरका धरून.

अशी वळवलेली मान मास्तरांनी कारखान्यात दोनदा पाहिली होती. डोळ्याच्या मध्यावर भाजलेला माणूस असाच बघतो, कडेकडेने.

"या, नोंग बाई, बसा. रोंग, चहा दे."

"ही पपनसं तुमच्यासाठी. शाळेच्या आवारातली आहेत. गोड निघाली यंदा." तिने पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. काम घेऊन येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मास्तरांनी दोन्ही हातांनी घेतली.

नोंग बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. मुलांपुढे लावण्याआधी स्वतः एकदा लावून बघावा, म्हणून दुपारी रिकाम्या वर्गात त्यांनी गॉगल घालून लेझर भिंतीवर रोखला. हात हलला आणि किरण काचेच्या कपाटावरून उलटा फिरून दोन्ही डोळ्यांवरून गेला. कानात फट् झाल्यासारखं वाटलं. दुखलं काहीच नाही. तेव्हापासून जिथे बघावं तिथेच करडा ठिपका. "पोरांचे चेहरेच पुसले जातात हो. कान दिसतात, वेण्या दिसतात, तोंड नाही." आणि त्या चक्क हसल्या. "पोरं म्हणतात, आता बाईंना कोण बोलतंय ते कळत नाही, करा दंगा!"

रोंगने चहाचा पेला ठेवला आणि नजर उचलली नाही.

"डॉक्टर म्हणतात, हे भरून येणार नाही. ते झालं. पण माझी नोकरी यंदा पक्की व्हायची होती. आता तालुक्याचे साहेब म्हणतात, लेबलवर पाच लिहिलंय, पाचाने डोळा जात नाही. म्हणजे एकतर बाईंनी गॉगल काढून मुद्दाम बघितलं, नाहीतर डोळे आधीपासूनच अधू होते आणि त्यांनी ते लपवलं. दोन्हीकडून मीच खोटी. महिनाअखेर ठरवणार आहेत." त्यांनी थैली मांडीवर ओढली. "तुम्ही या विषयातले जाणकार. तेव्हा तुम्ही मला दोनदा बजावलं होतं, गॉगलशिवाय लावू नका म्हणून. मी घातला होता, मास्तर. मग असं कसं झालं? माझंच काही चुकलं का? रोज तोच विचार डोक्यात असतो."

मास्तरांनी त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. वाक्य तोंडात तयारही होतं. पण शेजारी फांगने कान टवकारले होते, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि सून बघत होती. मास्तरांच्या तोंडून आलं ते भलतंच.

"गॉगल नाकावरून जरा सरकला असेल, बाई. असं होतं कधीकधी."

नोंग बाईंनी हळूहळू मान डोलावली. "असेल. माझं नाकच बसकं. चष्मे घसरतात खरे." त्यांनी खाली बघितलं. "म्हणजे माझाच निष्काळजीपणा. बरं झालं, तुम्ही सांगितलंत. जिवाला लागून राहिलं होतं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लबाडी त्यांनी आयुष्यात थोडी केली नव्हती, पण ती लेबलाच्या मागे लपून. तोंडावर, डोळे गेलेल्या बाईच्याच माथी दोष मारायचा, हे पहिल्यांदाच. आणि बाई वर आभार मानत होती!

"तरी एकदा बघता का?" नोंग बाईंनी थैलीतून लेझर आणि गॉगल काढून काउंटरवर ठेवले. गॉगल उचलून डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा ओढला. "असाच घातला होता. कुठून सरकत असेल? दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको."

हिरव्या काचांमागे त्यांचे डोळे मोठे आणि शांत दिसत होते. गॉगल नाकावर चपखल बसला होता. कुठूनही बोटभर फट नव्हती. मास्तर बघत राहिले, आणि मग त्यांना बघवेना.

"काढा तो," ते म्हणाले. "काढा, बाई. तो सरकला नव्हता."

त्यांनी खालच्या कप्प्यातून लेझरची खरी ताकद मोजणारा मीटर काढला. कारखान्यातून आणलेला तो मीटर गिऱ्हाइकांना कधी दिसू नये म्हणूनच तळाशी ठेवलेला असे. समोरच्या दोघांना त्यांनी दटावून मागे सारलं, रोंगला आणि नोंग बाईंना पाठ फिरवायला लावली, ड्रॉवरमधला नारिंगी गॉगल स्वतः चढवला आणि बाईंचाच लेझर मीटरच्या काळ्या तोंडावर रोखला. आकडा वर चढत जाऊन थांबला. मग मध्ये हिरवा गॉगल धरला. आकडा जेमतेम खाली आला. शेवटी त्यांनी लेझर बंद करून दोन्ही आकडे कागदाच्या तुकड्यावर मोठे लिहिले आणि बाईंपुढे धरले.

"पहिला आहे अकराशे ऐंशी. लेबलवर पाच आहे, ते खोटं. दुसरा तुमच्या गॉगलमधून आलेला, नऊशे साठ. हा गॉगल डोळा वाचवत नाही. हा रंगीत प्लास्टिक आहे."

"के दादा, डोकं फिरलं काय तुमचं?" फांग पलीकडून दबक्या आवाजात खेकसला. "गिऱ्हाइकं उभी आहेत!" ती गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून केव्हाच जिन्याकडे निघाली होती.

नोंग बाई कागद चेहऱ्याच्या एका बाजूला धरून बघत होत्या. "म्हणजे मी नीट घातला होता."

"नीट घातला होता."

"मघाशी तुम्ही म्हणालात, सरकला असेल."

"म्हणालो."

"का?"

मास्तर कोरा कागद ओढून लिहायला बसले. त्यांचं अक्षर सुरेख होतं. कारखान्यात मापांच्या वह्या तेच लिहीत. लेझर आमच्या गाळ्यातून विकला, लेबल चुकीचं होतं, खरी ताकद इतकी, सोबतचा गॉगल या लेझरसाठी निरुपयोगी होता, नोंग येनमेई यांनी सूचनेप्रमाणे तो घातला होता आणि त्यांची काहीही चूक नाही. खाली नाव आणि तारीख. मग त्यांनी सुनेपुढे हात केला. "शिक्का."

गाळ्याच्या लाल शिक्क्याची डबी रोंगच्या गळ्यातल्या किल्लीने उघडे. शिक्क्याशिवाय कागदाला कुठल्याच कचेरीत किंमत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

"बाबा, हा शिक्का मारलात तर आठ दिवसांत शटर खाली." रोंगचा आवाज चिरका झाला. "खटला होईल तो वेगळाच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तसं चाललंय तुमचं. हिरवे गॉगल मी आणले, मान्य. पण मला कुठे कळतं काचेतलं? कळत होतं ते तुम्हाला. तुम्ही का नाही थांबवलंत मला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती रागाने बोलत होती आणि अक्षर न अक्षर खरं बोलत होती. मास्तरांनी मान खाली घातली. तिने किल्ली ओढून काढली, डबी उघडली आणि शिक्का त्यांच्यासमोर आदळला.

"थांबा," नोंग बाई म्हणाल्या. "आधी वाचून दाखवा. बारीक अक्षर मला जमत नाही आता."

मास्तर हलक्या आवाजात वाचू लागले.

"जरा मोठ्याने. इथे गोंगाट आहे."

त्यांनी आवाज चढवला. समोरच्या गाळ्यातल्या बायका खोकी भरता भरता थांबल्या. फांग तोंड फिरवून उभा राहिला. मास्तरांनी शेवटपर्यंत वाचलं. त्यांच्या कानशिलांना घाम आला होता.

"लेबल चुकीचं होतं, असं लिहिलंय," नोंग बाई म्हणाल्या. चाळीस मुलांच्या वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तशा, न रागावता. "चूक कुणाचीही होते, मास्तर. माझीसुद्धा झाली असती. तुम्हाला विकतानाच माहीत होतं. ते कुठे आहे यात?"

ते नव्हतं. मास्तरांनी ते मुद्दाम गाळलं होतं असंही नव्हे; हात आपसूक तिथून वळसा घालून गेला होता, आणि त्याचीच त्यांना सगळ्यांत जास्त शरम वाटली. त्यांनी पेन उचललं. नावाच्या वर जेमतेम एका ओळीची जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, आणि नोंग बाईंनी सांगायची वाट न पाहता उभं राहून वाचलं. "हे मला विकताना माहीत होतं. गॉगल मी माझ्या हाताने दिला. आणि त्या विचारायला आल्या तेव्हाही मी आधी खोटंच सांगितलं."

शेवटची दोन वाक्यं कागदावर मावली नव्हती. नोंग बाईंनी कागद हातात घेतला, वळवलेल्या मानेने त्या ओळीवर बोट फिरवलं आणि तो काउंटरवर परत ठेवला.

"तेही लिहा," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला जागा आहे. मी थांबते."