मेतकुटातलं पदक

शुभंकर मोहिते दहा हजार मीटर धावायचा आणि त्या जोरावर रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातली नोकरीचा पगार खायचा. बडोद्याच्या प्रतापनगर वर्कशॉपमध्ये तो फक्त हजेरीपुरता जाई. पाना उजव्या हातात धरतात की डाव्या, हे त्याला पाच वर्षांत कळलं नव्हतं. पण वय तिशीकडे झुकलं, पोटऱ्या कुरकुरू लागल्या, कालची पोरं पुढे निघून जाऊ लागली. पदकं आटली तर पाना धरावा लागेल, असं साहेबांनी चहा पाजून सांगितलं. त्या धास्तीनं हा गडी सयाजीगंजातल्या एका जिमवाल्याकडून ताकदीच्या गोळ्या घेऊन आला.

आता त्या लपवायच्या कुठे? आई, प्रेमलाबाई, मुलाचे खिसे तपासूनच कपडे धुवायच्या. शेवटी त्यानं गोळ्या कुटून मेतकुटाच्या बरणीत मिसळल्या. आईला मेथीनं पित्त होई, त्यामुळे बरणीचा धनी तो एकटाच. रोज मऊ भात, तूप आणि वर दोन चमचे मेतकूट. पोरगं घरचं खातंय म्हणून आई कृतकृत्य! तीन वर्षांत चार पदकं आली. स्पर्धेआधी महिनाभर तो मेतकूट बंद करी, म्हणजे तपासणीत काही सापडत नसे. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत तो असाच राष्ट्रीय सुवर्णपदक गळ्यात घालून बडोद्याला परतला.

त्याच स्पर्धेत शेजारच्या निरुपमाबाईंची पूर्णिमा पाच हजार मीटरमध्ये तिसरी आली. एकोणीस वर्षांची पोर, शुभंकरच्या मागे धावत धावत तयार झालेली. हे तिचं पहिलंच पदक. आणि तिच्याच लघवीत औषध सापडलं! पदक गेलं, दोन वर्षांची बंदी आली. पोरगी देवाच्या शपथा घेत राहिली आणि रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका नाकं मुरडत राहिल्या. शुभंकरनं तर घरी जाऊन तिला प्रामाणिकपणावर चार शब्द सुनावले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"अरे, ती कसली औषधं खाणार?" रात्री वाढताना आई चिडून म्हणाली. "माझं मेतकूट मात्र चाटूनपुसून खाल्लंन."

शुभंकरनं ताट बाजूला सारलं. "कुठलं मेतकूट?"

"संक्रांतीला, उत्तराणला, निरुपमानं तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या ने. रिकामा डबा परत देऊ? बरं दिसतं का ते? तुझी मेतकुटाची बरणी नुसती पडून होती, त्यातलं दिलं भरून."

दोन दिवस शुभंकरला अन्न गोड लागलं नाही. बोलावं, तर सुवर्णपदक, नोकरी, अब्रू सगळं पाण्यात. गप्प राहावं, तर पूर्णिमा संपली. पण ती पोर मैदानावर यायची बंद झाली होती आणि मागे तिची पावलं नसताना त्याला धावणंच जमेना. तिसऱ्या दिवशी त्यानं अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या कचेरीत कबुलीजबाब लिहून दिला आणि तडक तिचं दार वाजवलं.

"त्या मेतकुटात माझ्या गोळ्या होत्या," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मी लिहून दिलंय. तुझी बंदी उठेल."

निरुपमाबाई मटकन खाली बसल्या. पूर्णिमा रडली नाही की ओरडली नाही.

"आणि पदक?"

"त्याचं सांगता येत नाही."

"म्हणजे ते माझं नव्हतंच?"

"तुझंच होतं गं! पंधरा दिवस चमचाभर खाऊन कोणी तिसरं येत नाही."

"साचू बोल, खरं सांग, दादा," ती म्हणाली. "तू तर तीन वर्षं खाल्लंस. मग तुझं त्यातलं कुठलं?"

आपल्या प्रत्येक शर्यतीची वेळ शुभंकरला सेकंदासकट पाठ होती. तो एकेक शर्यत मागे मोजत गेला, थेट मेतकुटाआधीच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत.