इतिवृत्तातली केरसुणी

शके १८५३, आश्विन वद्य दशमी, सायंकाळी पाच वाजता, रत्नागिरी येथे आमच्या भाषासंग्राहक सभेची बैठक भरली. विषय एकच होता : मी अकरा वर्षे जमवलेला तमिळ घरगुती शब्दांचा संग्रह सभेने छापावा की छापू नये.

त्यातील दोनशे सात शब्द बकुळेने सांगितलेले. ती मूळची तिरुनेलवेलीकडच्या किनाऱ्यावरची. हर्णेच्या केरू तांडेलाशी लग्न करून वीस वर्षांपूर्वी इकडे आलेली. तिला कोणी खुर्ची दिली नाही, म्हणून मीही उभाच राहिलो.

परीक्षक होते तारखात्यातील वैद्यनाथ अय्यर, राहणार मूळ तंजावर. त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवले.

"केरसुणीला शुद्ध शब्द तुडैप्पम्. ह्या बाई वारियल म्हणतात. गावंढळ अपभ्रंश! ह्यांचे सगळे शब्द काढा."

"अपभ्रंश कशाचा?" मी विचारले. "तुडै म्हणजे पुसणे, त्यावरून आपला शब्द झाला. वारु म्हणजे गोळा करणे, त्यावरून हिचा. दोन्ही शब्दांना आपापले मूळ आहे. बरे, आपल्या घरी केर कोण काढते?"

"मोलकरीण. गावाहून आणलेली."

"ती केरसुणीला काय म्हणते?"

अय्यर घुटमळले. "विळक्कुमारु."

"म्हणजे केरसुणी जिच्या हातात, तिच्या तोंडी आपला शुद्ध शब्द नाहीच!"

सभासद हसले. अध्यक्ष रावजी हसले नाहीत.

"मास्तर, वाद पुरे. दिवाळी तोंडावर आली. बाईंचे शब्द वगळा, मी उद्याच छापखान्यात पाठवतो. पहिल्याच पानावर केरसुणी म्हणजे अपशकुन!"

"लक्ष्मीपूजनाला आपण तिलाच हळदकुंकू वाहता."

तरी अकरा वर्षे पणाला लागली होती. मी बकुळेकडे वळलो. "वगळू?"

"माझी आई मरेस्तोवर तोच शब्द बोलली, मास्तर. तिला खोटी पाडू काय? नको तुमचं पुस्तक!"

"वगळणार नाही," मी रावजींना सांगितले. "मात्र सभेचा नियम सातवा : नामंजुरीचे कारण इतिवृत्तात तपशीलवार नोंदवावे. इथे कारण म्हणजे हेच शब्द. तेव्हा चिटणीस काशीरामपंत, लिहून घ्या. दोनशे सातही, अर्थ, मूळ आणि सांगणारीच्या नावासह."

नियम रावजींनीच घातला होता. काशीरामपंतांनी दौत ओढली. बकुळा शब्द सांगत गेली, मी मूळ सांगत गेलो. एकविसाव्या शब्दाला अय्यर न राहवून उठले; काशीरामपंतांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "असे नव्हे हो, त्या बाई म्हणतात तसे लिहा." त्यानंतर ते जागेवर परतले नाहीत.

शेवटचा शब्द उतरला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. सभेचे इतिवृत्त दरवर्षी छापून सर्व सभासदांस वाटले जाते, हे रावजींना तेव्हा आठवले. त्यांनी सही केली आणि निर्णय वाचला :

"संग्रह नामंजूर."