तो दिवा आधी बंद करा

"तो दिवा आधी बंद करा, नाहीतर ही मी चालले!"

"अहो ताई, मग काय अंधारात चाचपडायचं? झोपा बघू सरळ."

"नाही म्हणजे नाही. मेला कसा डोळे फाडून बघतोय!"

तो मेला म्हणजे मी, मित्रांनो. मी एक जुना दिवा आहे, दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीतला. पत्र्याचं डोकं, वाकणारी मान आणि खाली चाकं. भांडत होती ती कपडे दुरुस्तीच्या दुकानातली शिलाईवाली. तिला दटावत होती ती आमची घाईसिस्टर. तिचं खरं नाव मला ठाऊक नाही, पण तिचा चहासुद्धा उभ्यानंच होतो.

शिव्या खायची मला सवय आहे. पण डोळे फाडून बघतो म्हटलं की माझं डोकं तापतं. मी काय हौसेनं आलोय या खोलीत?

कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला शाळेत गेलो होतो. चित्रकलेच्या वर्गात. पण एका जागी राहणं मला जमेना. जरा कुणी बाक हलवला की माझी मान खाली, आणि कुणाचं तरी चित्र करपायचं. सर म्हणाले, "हे कार्टं काही टिकत नाही." झालं, शाळा अर्धवटच सुटली. मग अडगळीत पडलो. तिथून डॉक्टरबाईंनी मला उचलून आणलं, चाकं लावली, स्प्रिंग आवळली. मला वाटलं, आता दात बघीन, फुटलेली डोकी बघीन, लोक म्हणतील काय उजेड आहे! कसलं काय. या खोलीत माणसं दार लावून घेतात आणि जे घरच्यांनाही दाखवत नाहीत ते मला दाखवतात. दाखवतात तेही छताकडे बघत. माझ्याकडे एकानंही कधी धड बघितलं नाही. खरं सांगू? मलाही लाज वाटते. कितीदा मी आपणहून मान टाकतो, की नको बघायला. मग सिस्टर टपली मारते.

तर ही शिलाईवाली. पहिल्यांदा आली होती ती फार उशिरा. खाली जांघेजवळ पुटकुळ्या उठल्या, लघवीला आग आग झाली, पण लाजेपायी हिनं कुणाला सांगितलं नाही. घरातलं कसलंसं मलम थापलं, खपल्या धरू दिल्या आणि मग आली. डॉक्टरबाईंनी नमुना घ्यायला कापसाची काडी फिरवली, पण वाळलेल्या जागेवर काय मिळणार? रिपोर्ट आला, काही सापडलं नाही. बाईंनी बजावलं होतं, "सापडलं नाही याचा अर्थ नाहीच असा नव्हे. परत उठलं तर त्याच दिवशी या, काहीही न लावता." हिनं पहिलंच वाक्य ऐकलं आणि सुटले बाई म्हणत घरी गेली.

आता परत उठलं होतं. या खेपेला नवऱ्यालाही कळलं. तो बस चालवतो. त्यानं एकच विचारलं, "हे तू कुठून आणलंस?" आणि वर म्हणाला, रिपोर्ट येईपर्यंत माहेरी राहा. आता तिला तपासणीची भीती नव्हती. रिपोर्टनंतर घर राहील की नाही, याची होती.

डॉक्टरबाई आल्या. दिवा बंद नाही केला, पण पडदा ओढला, तिच्या अंगावर चादर घातली आणि जेवढं हवं तेवढ्यावरच मला वळवलं.

"मलम लावलंय?"

"नाही. सकाळीच उठलंय. आलेच तशी."

"शाब्बास. आता थोडं झोंबेल हं."

बारीक सुईनं त्यांनी एका पुटकुळीचं तोंड उघडलं, तळाशी काडी घासली आणि ती छोट्या नळीत बुडवली. शिलाईवालीनं ओठ चावला, पण हलली नाही. "हर्पिस वाटतोय," बाई म्हणाल्या, "पण नुसत्या नजरेवर मी नाव सांगत नाही. दुसऱ्या काही आजारांतही अशीच जखम होते. म्हणून त्या आजारांच्या तपासणीसाठी रक्तही घेतेय." आग कमी व्हायच्या गोळ्या मात्र त्यांनी लगेच सुरू केल्या. नळी थंड डब्यातून प्रयोगशाळेत गेली. तिथं नळीतल्या पाण्यात विषाणूचा माग काढतात.

रिपोर्टच्या दिवशी दोघं आले. नवरा दाराशीच, तोंडावर रुमाल धरून. हर्पिसच निघाला, पहिल्या प्रकारचा.

"कधी झालाय ते सांगा," रुमालाआडून नवरा म्हणाला. "हिचं रक्त तपासा, तारीख कळेल."

"तारीख नाही कळत हो. रक्त एवढंच सांगतं की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडलीय. कधी, कुठं, कुणाकडून, काही नाही. माणसाच्या अंगात हा वर्षानुवर्षं गप्प बसतो. आणि पहिला प्रकार तर बहुतेकांच्या तोंडात असतो. जवळिकीत तोंडाकडून खाली पोचतो." बाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "रुमाल का धरलाय?"

"काही नाही. उष्णतेचं आहे. लहानपणापासून येतं, दमलो की."

"सिस्टर, दिवा."

घाईसिस्टरनं मला गर्रकन फिरवलं. रुमाल खाली आला. ओठाच्या कोपऱ्यात पुटकुळ्यांचा घोस, ताजा, पाणी भरलेला. मी किती बघितलेत असले! फक्त ओठावर कधी बघितला नव्हता.

"यावरही मी नजरेनं बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "काडी घेऊ."

नवऱ्याचे कान लाल झाले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तो दिवा आधी बंद करा," तो पुटपुटला.

सिस्टरचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या, सिस्टर," शिलाईवाली म्हणाली. मशीनवरचा दिवा वळवावा तशी तिनं माझी मान दोन बोटांत धरली आणि उजेड बरोब्बर त्याच्या ओठावर आणला. मित्रांनो, त्या दिवशी मी मान टाकली नाही. एवढी वर्षं लोक माझ्यासमोर लाजले, मीही लाजलो, पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

काडी झाली. तो हळूच म्हणाला, "तुझी बॅग माहेरीच आहे ना? आणू का जाऊन?"

"एवढी घाई कसली," ती म्हणाली. "रिपोर्ट येऊ दे की आधी. तुमचा."

सिस्टर खिडकीकडे तोंड करून हसली.

तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो, असलं काही उठलं तर वाळायची वाट बघू नका, मलम थापू नका, तस्से या. आणि माझ्याकडे रागानं बघा, चालेल, पण...

बाहेर दुसरं कुणीतरी आलंय. सिस्टरनं माझी वायर उपसलीसुद्धा. मला जायला हवं.